वाचक विचारतात : गावाची शिरगणती आणि गावाची एसटी

आपल्या गावाचे नाव संगणकावर शोधले की २०११ च्या जनगणनेतून उचललेला एक तक्ता समोर येतो. त्यात कुटुंबे किती, स्त्री-पुरुष किती, साक्षर किती, बस येते की नाही आणि रेल्वेस्थानक किती लांब, असे सारे काही असते. हा तक्ता वाचून गोंधळलेल्या वाचकांची पत्रे बरीच आली आहेत. त्यांतील निवडक प्रश्नांना येथे उत्तरे देत आहोत. प्रश्न वेगवेगळ्या जिल्ह्यांतले असले, तरी लोकसंख्येचा आणि वाहतुकीचा रकाना एकमेकांशी ताडून वाचल्याखेरीज गावाचे खरे चित्र हाती लागत नाही, हे जवळजवळ प्रत्येक पत्रातून दिसते.

प्रश्न : बीड जिल्ह्यातील आमच्या डोंगराळ गावाची लोकसंख्या २०११ च्या तक्त्यात चौदाशेच्या आत दिली आहे. त्या वेळची घरे आणि मतदारयादी पाहता गावात त्याहून पुष्कळ अधिक माणसे होती. आकडा चुकला आहे का? (एक महाविद्यालयीन विद्यार्थिनी)

उत्तर : आकडा चुकला, असे म्हणण्यापूर्वी तो कोणत्या दिवसांत आणि कोणत्या नियमाने घेतला गेला, हे पाहिले पाहिजे. २०११ ची प्रत्यक्ष गणना ९ ते २८ फेब्रुवारी या काळात झाली. १ मार्चला सुरू होणारी मध्यरात्र हा तिचा संदर्भ क्षण होता, आणि १ ते ५ मार्च या दिवसांत प्रगणकांनी दुसरी फेरी मारून जन्म, मृत्यू व नव्याने आलेली माणसे यांची दुरुस्ती केली. माणूस कोठे मोजायचा, याचा नियम असा की, जो आपल्या नेहमीच्या राहत्या घरी या काळात एक दिवस जरी असेल, त्याची नोंद तेथेच होते. जो संपूर्ण गणनाकाळ घराबाहेर असेल, त्याची नोंद तो जेथे सापडेल तेथे होते. त्याचे घर, शेत, शिधापत्रिका आणि मतदान गावातच असले, तरी गणतीत तो त्या वेळी गावाचा नसतो.

आता हा नियम बीडच्या डोंगराळ पट्ट्यातील एखाद्या गावाला लावून पाहावा. दसरा-दिवाळीच्या सुमारास मुकादमाकडून उचल घेतलेल्या ऊसतोड मजुरांच्या टोळ्या ट्रकने आणि ट्रॅक्टरने पश्चिम महाराष्ट्राकडे व कर्नाटकाकडे निघतात, साखर कारखान्यालगत किंवा उसाच्या फडाजवळ कोप्या (झोपड्या) घालून राहतात आणि हंगाम संपल्यावरच परततात. फेब्रुवारीत गाळप ऐन भरात असते. नवरा-बायकोची जोडी, म्हणजे त्यांच्या हिशेबातला एक कोयता, त्या महिन्यात गावी येण्याचा संभव फार थोडा. अशी कुटुंबे नियमाप्रमाणे कारखान्याच्या परिसरातील गावात मोजली जायला हवीत. त्यामुळे मूळ गावाचा आकडा खाली येतो आणि ज्या गावच्या शिवारात टोळीचा तळ असतो त्याचा वर जातो. आपल्या गावाच्या बाबतीत हेच घडले असण्याची शक्यता मोठी आहे. मात्र मतदारयादीशी तुलना करताना एवढे ध्यानात ठेवावे की, तिच्यात केवळ १८ वर्षे पूर्ण झालेली माणसे असतात आणि गाव सोडून कायमचे गेलेल्यांची नावेही तिच्यात अनेकदा मागे राहतात.

याचा परिणाम केवळ अभ्यासापुरता नाही. महाराष्ट्र ग्रामपंचायत अधिनियमानुसार १,५०० पर्यंत लोकसंख्येच्या ग्रामपंचायतीला ७ सदस्य मिळतात, १,५०१ ते ३,००० पर्यंत ९, आणि पुढे अशाच पायऱ्यांनी ही संख्या १७ पर्यंत जाते. ही लोकसंख्या मागील प्रसिद्ध जनगणनेतीलच धरली जाते. शंभर-दीडशे माणसे फडावर मोजली गेली, तर दोन सदस्य कमी होऊ शकतात. शिवाय गावात मागे राहिलेली वृद्ध माणसे आणि त्यांच्याजवळ ठेवलेली शाळकरी मुले यांचेच प्रमाण तक्त्यात अधिक दिसते, आणि काम करणाऱ्यांची टक्केवारी उगाचच कमी वाटते. वाहतुकीच्या रकान्यात तर या साऱ्या जाण्या-येण्याचा मागमूसही नसतो, कारण वर्षातला सर्वांत मोठा प्रवास हे लोक मालवाहू वाहनांतून करतात आणि तो कोणत्याही बसफेरीत मोजला जात नाही.

पुढील जनगणनेची अधिसूचना १६ जून २०२५ रोजी निघाली असून महाराष्ट्रासाठी तिचा संदर्भ दिनांक १ मार्च २०२७ आहे, म्हणजे लोकांची प्रत्यक्ष गणना पुन्हा ऊसतोडीच्या हंगामातच येते. हंगामावर जाणाऱ्या कुटुंबांना ही गोष्ट आधीच समजावून सांगण्याचे काम आपल्यासारख्या विद्यार्थ्यांनी जरूर करावे. ज्यांना मधल्या काळात एका दिवसासाठीही घरी येता येणार नाही, त्यांनी कोपीवर प्रगणक येतो की नाही याकडे लक्ष ठेवावे, कारण तेथे नोंद राहून गेली, तर ती माणसे मूळ गावातही नसतात आणि तळावरही नसतात.

प्रश्न : रत्नागिरी जिल्ह्यातील आमच्या गावात दर हजार पुरुषांमागे बाराशेहून अधिक स्त्रिया आहेत, असे तक्ता सांगतो. राज्याचे प्रमाण एवढे कमी असताना आमच्या गावाने याचा अभिमान बाळगावा का? (एक निवृत्त शिक्षक)

उत्तर : २०११ मध्ये राज्याचे प्रमाण दर हजारी ९२९ होते, तर रत्नागिरी जिल्ह्याचे १,१२२ आणि सिंधुदुर्गाचे १,०३६. कोकणात स्त्रियांची संख्या अधिक दिसण्याचे मुख्य कारण हे की, कमावते पुरुष मुंबई-ठाण्याच्या गणतीत गेलेले असतात. २००१ ते २०११ या दशकात रत्नागिरीची लोकसंख्या १६,९६,७७७ वरून १६,१५,०६९ वर आणि सिंधुदुर्गाची ८,६८,८२५ वरून ८,४९,६५१ वर आली. मुंबई शहर जिल्हा सोडला, तर त्या दशकात राज्यात घट झालेले जिल्हे हे दोनच. त्यामुळे आपल्या गावाचे एकूण प्रमाण हे मुख्यतः स्थलांतराचे माप आहे.

मुलींच्या जन्माविषयी काही जाणून घ्यायचे असेल, तर ० ते ६ वयोगटाचा रकाना पाहावा. राज्यात हे प्रमाण २०११ मध्ये ८९४ होते आणि बीड जिल्ह्यात ते ८०७ पर्यंत घसरले होते. ही चिंतेची बाब होती आणि आजही आहे. परंतु एका लहान गावापुरते हे गुणोत्तर काढताना फार सावध राहावे लागते. समजा, गावात या वयाची ४९ मुले आहेत, त्यांत २७ मुलगे आणि २२ मुली. प्रमाण ८१५ येते. एका मुलग्याच्या जागी मुलगी असती, तर २६ आणि २३, म्हणजे ८८५. एका बाळाने सत्तर अंकांचा फरक पडतो. म्हणून तालुक्याचे प्रमाण पाहून निष्कर्ष काढावा आणि गावापुरत्या केवळ संख्या सांगाव्यात, हे बरे.

आपण पत्रात गणपतीच्या दिवसांत गाव भरून जातो असे लिहिले आहे. एसटीच्या जादा गाड्या आणि कोकण रेल्वेच्या विशेष गाड्या त्या दिवसांत जी माणसे आणतात ती फेब्रुवारीच्या गणतीत कोठेही दिसत नाहीत, पण पाणी, वीज, दवाखाना आणि रस्ता यांवर त्यांचा भार पडतोच. ग्रामपंचायतीने आराखडा करताना सणातील वस्तीचा अंदाज वेगळा नोंदवावा, असे आम्हाला मनापासून वाटते.

प्रश्न : आमच्या गावापुढे ‘सार्वजनिक बससेवा : उपलब्ध’ असे लिहिलेले आहे. प्रत्यक्षात दिवसातून एकच गाडी येते आणि पावसाळ्यात तीही फाट्यावरून परत जाते. अशी नोंद कशी काय होते? (सरपंच, सातारा जिल्हा)

उत्तर : गावाच्या सोयींचा हा तपशील घरोघर जाणारा प्रगणक गोळा करीत नाही. जिल्हा जनगणना पुस्तिकेच्या ‘ग्राम निर्देशिका’ या भागासाठी तो महसूल व अन्य खात्यांकडून मागवला जातो. त्यात सोय गावात आहे की नाही, एवढेच विचारलेले असते. नसेल, तर ती जवळात जवळ कोठे मिळते हे तीन टप्प्यांत सांगितले जाते : ५ किलोमीटरच्या आत, ५ ते १० किलोमीटर, आणि १० किलोमीटरहून अधिक. गाडी दिवसातून एकदा आली काय किंवा पंधरा वेळा आली काय, नोंद एकच होते. ती किती वाजता येते, शाळेच्या वेळेला जुळते का, रविवारी बंद असते का, हे विचारायला त्यात रकानाच नाही.

सर्वांत लांबचा टप्पाही तितकाच फसवा आहे. रेल्वेस्थानक ‘१० किलोमीटरहून अधिक’ असे लिहिले, की ११ किलोमीटरवरचे गाव आणि दीडशे किलोमीटरवरचे गाव एकाच ओळीत बसते. गडचिरोली जिल्ह्यात वडसा हे स्थानक उत्तरेच्या टोकाला आहे. भामरागड तालुक्यातील माणसाला तेथवर जाण्यासाठी अवघा जिल्हा ओलांडावा लागतो, आणि पर्लकोटा नदीला पूर आला, तर भामरागडबाहेर पडणेही बंद होते. उलट काही रकाने वाचकांच्या नजरेतून सुटतात, पण ते मोलाचे आहेत. जलवाहतुकीचा रकाना हे त्याचे उदाहरण. आपल्याच जिल्ह्यात कोयनेच्या शिवसागर जलाशयाकाठच्या तापोळा-बामणोली भागात आणि नंदुरबार जिल्ह्यात नर्मदेच्या फुगवट्यालगतच्या गावांत लाँच किंवा होडी हेच कित्येकांचे रोजचे वाहन आहे. त्याशिवाय रिक्षा, टॅक्सी, ट्रॅक्टर, बैलगाडी यांचेही रकाने असतात. वडापची, म्हणजे माणशी भाडे घेऊन चालणारी खाजगी जीप मात्र सेवा म्हणून कोठेच नीट बसत नाही, आणि अनेक गावांचा बाजारहाट तर तिच्यावरच चालतो.

एसटीचा प्रश्न मुळातून पाहायला हवा. १ जून १९४८ रोजी पुणे-अहमदनगर मार्गावर पहिली गाडी धावली, तेव्हापासून ‘गाव तेथे एसटी’ हे ध्येय ठेवून या सेवेने महाराष्ट्रातील खेडी तालुक्याला जोडली. एखाद्या आडगावाला मुक्कामी गाडी मिळणे म्हणजे काय, हे तेथे राहिल्याशिवाय कळत नाही. संध्याकाळी शेवटची फेरी घेऊन आलेले चालक-वाहक देवळात किंवा ग्रामपंचायतीच्या खोलीत पथारी टाकतात. पहाटे इंजिनाची घरघर ऐकू आली, की दप्तर घेतलेली मुले, तालुक्याच्या दवाखान्यात निघालेली म्हातारी आणि कोर्टाची तारीख असलेला शेतकरी एकाच दारातून आत चढतात. त्या एका मुक्कामी गाडीवर गावातील मुलींचे अकरावी-बारावीचे शिक्षण अवलंबून असते. ऑक्टोबर २०२१ ते एप्रिल २०२२ या काळातील संपानंतर ग्रामीण भागातील अशा कित्येक फेऱ्या पूर्ववत झाल्या नाहीत, अशी तक्रार अनेक पत्रांत आहे, आणि तिची दखल घेतली जायला हवी. महिलांना १७ मार्च २०२३ पासून तिकिटात ५० टक्के सवलत आहे आणि ७५ वर्षांवरील नागरिकांना प्रवास विनामूल्य आहे. पण गावात गाडीच येत नसेल, तर सवलतीचा लाभ घ्यायचा कोठे?

आपण पुढील पाऊल असे टाकावे. फेरीची मागणी ग्रामसभेच्या ठरावासह आगार व्यवस्थापकांकडे द्यावी आणि ठरावासोबत नुसती लोकसंख्या न देता प्रवाशांचा हिशेब जोडावा. माध्यमिक शाळेत व महाविद्यालयात जाणारी मुले-मुली किती, त्यांच्या शाळेची वेळ कोणती, आठवडी बाजार कोणत्या वारी भरतो, वाटेतल्या कोणत्या गावांना तीच फेरी उपयोगी पडेल, हे सारे त्यात असावे. आपला तालुका मानव विकास कार्यक्रमातील १२५ तालुक्यांपैकी असेल, तर विद्यार्थिनींसाठी असलेल्या निळ्या बसची मागणीही त्यातच करावी. पावसाळ्यात गाडी फाट्यावरून परत का जाते, याचे कारण आगाराकडून लेखी मागून घ्यावे. कारण पुलाचे किंवा साइडपट्टीचे असेल, तर दोष आगाराचा राहत नाही आणि तक्रार रस्त्याच्या खात्याकडे न्यावी लागते.

प्रश्न : आमची वाडी मूळ गावापासून दोन किलोमीटरवर आहे. वस्ती तीनशेची. ‘लोकसंख्या कमी म्हणून रस्ता नाही’ असे सांगितले जाते. हा नियम कोठला? (एक वाचक, पालघर जिल्हा)

उत्तर : २५ डिसेंबर २००० रोजी सुरू झालेल्या प्रधानमंत्री ग्रामसडक योजनेत लोकसंख्येची अट आहे. सपाट प्रदेशात ५०० आणि अनुसूचित आदिवासी क्षेत्रात २५० अशी ती मर्यादा आहे. पालघर जिल्ह्याचा मोठा भाग अनुसूचित क्षेत्रात येतो. आपली वाडी त्या क्षेत्रात असेल, तर तीनशेची वस्ती मर्यादेच्या वर आहे आणि आपल्याला दिलेले उत्तर टिकत नाही. दुसरी गोष्ट, या योजनेत महसुली गाव हे एकक नसून वस्ती हे एकक आहे. गावठाणापर्यंत डांबरी सडक आली म्हणजे वाडी जोडली गेली, असे होत नाही. बारमाही रस्त्यापासून ५०० मीटर किंवा त्याहून दूर असलेली वस्ती न जोडलेली मानली जाते, आणि ५०० मीटरच्या परिघातील लहान वस्त्यांची लोकसंख्या एकत्र धरण्याची मुभाही आहे. सप्टेंबर २०२४ मध्ये मंजूर झालेल्या चौथ्या टप्प्यासाठी २०११ ची लोकसंख्या आधार धरली आहे.

अडचण अशी की, जनगणनेच्या प्रसिद्ध तक्त्यात महसुली गावाचा आकडा असतो, वाडीचा नसतो. त्यामुळे वाडीची लोकसंख्या सिद्ध करण्यासाठी ग्रामपंचायतीच्या नोंदी, अंगणवाडीची नोंदवही आणि घरपट्टीची यादी एकत्र ठेवावी लागते. वीटभट्टीवर जाणाऱ्या कुटुंबांमुळे आपल्याकडील आकडाही बीडसारखाच कमी भरलेला असू शकतो, हे निवेदनात स्पष्टपणे मांडावे. केंद्राच्या निकषात काहीच बसले नाही, तर २०१५ पासूनची राज्याची मुख्यमंत्री ग्रामसडक योजना आहे, तेथे प्रयत्न करावा.

प्रश्न : गावचा रस्ता दुरुस्त करायचा कोणी? प्रत्येक कार्यालय दुसऱ्याकडे बोट दाखवते. (तरुण मंडळ, जालना जिल्हा)

उत्तर : रस्त्याचा वर्ग आधी शोधावा. १९४३ च्या नागपूर परिषदेपासून आपल्याकडे राष्ट्रीय महामार्ग, राज्यमार्ग, प्रमुख जिल्हा मार्ग, इतर जिल्हा मार्ग आणि ग्रामीण मार्ग अशी उतरंड चालत आली आहे. महाराष्ट्रात राज्यमार्ग आणि प्रमुख जिल्हा मार्ग सामान्यतः सार्वजनिक बांधकाम विभागाकडे, तर इतर जिल्हा मार्ग आणि ग्रामीण मार्ग जिल्हा परिषदेच्या बांधकाम विभागाकडे असतात. मैलाच्या दगडाचा माथा पिवळा असेल, तर राष्ट्रीय महामार्ग, हिरवा असेल, तर राज्यमार्ग, आणि नारिंगी असेल, तर ग्रामसडक. अर्जात ‘ग्रा.मा.’ किंवा ‘इ.जि.मा.’ यापुढील क्रमांक लिहिला, की टोलवाटोलवीला फारशी जागा उरत नाही.

प्रश्न : एका ठिकाणी गावाची साक्षरता ७० टक्के दिली आहे, दुसरीकडे ८० टक्के. खरी कोणती? (एक वाचक, अकोला)

उत्तर : बहुधा भागाकार वेगळा केला आहे. जनगणनेत साक्षरता ७ वर्षे व त्यावरील लोकांपुरती काढतात. गावात १,२०० माणसे, त्यांत सहा वर्षांपर्यंतची १५० मुले आणि ८४० साक्षर असतील, तर ८४० ला १,०५० ने भागून ८० टक्के येतात. १,२०० ने भागले, तर ७० येतात. ८० ही रूढ पद्धत आहे.

प्रश्न : नव्या जनगणनेचे गाववार आकडे हाती येईपर्यंत आमच्या शाळेतील नववीची मुले गावाची माहिती स्वतः गोळा करू इच्छितात. काय नोंदवावे? (शिक्षिका, यवतमाळ जिल्हा)

उत्तर : हा उपक्रम फार चांगला आहे आणि तो जरूर करावा. लोकसंख्येसाठी घरोघर जाऊन चार गोष्टी विचाराव्यात : घरात माणसे किती, त्यांची वयोगटवार विभागणी, वर्षातून एक महिन्याहून अधिक काळ बाहेर कोण असते, आणि ते कोणत्या महिन्यांत व कोठे जातात. शेवटचे दोन प्रश्न सरकारी तक्त्यात मिळत नाहीत, म्हणून ते वगळू नयेत. जातीचे, उत्पन्नाचे किंवा आजाराचे प्रश्न मुलांकडून विचारून घेऊ नयेत.

वाहतुकीसाठी एक आठवडाभर, बाजाराच्या दिवसासह, थांब्यावर मुलांच्या पाळ्या लावाव्यात. गाडी वेळापत्रकात किती वाजता, आली किती वाजता, उतरले किती, चढले किती आणि जागा नाही म्हणून मागे राहिले किती, एवढे लिहिले, तरी ‘उपलब्ध’ या शब्दाचा खरा अर्थ कागदावर उतरतो. घरी सायकल, मोटारसायकल किंवा चारचाकी आहे का, हेही विचारावे. जनगणनेच्या २०१० च्या घरयादीत ग्रामीण भारतातील ४६.२ टक्के कुटुंबांकडे सायकल आणि १४.३ टक्के कुटुंबांकडे दुचाकी होती, आणि गावाची टक्केवारीही त्या तक्त्यांत सापडते, तेव्हा मुलांना तुलना करता येईल. मात्र मोटारसायकल घरात असली, तरी ती दिवसा कोण नेते आणि घरातील बाई किंवा शाळकरी मुलगी तालुक्याला कशाने जाते, हा प्रश्न स्वतंत्रपणे विचारावा. त्याच्या उत्तरांतून गावातील निम्म्या माणसांचा प्रवास कळतो.

अंतरे किलोमीटरमध्ये लिहावीत आणि शेजारी पावसाळ्यात व उन्हाळ्यात लागणारा वेळ लिहावा. प्राथमिक आरोग्य केंद्र, माध्यमिक शाळा, बँक, आठवडी बाजार आणि तहसील कार्यालय ही पाच ठिकाणे पुरेशी आहेत. तयार तक्त्यावर तारीख, माहिती घेणाऱ्या वर्गाचे नाव आणि कोणत्या वाड्या किंवा तांडे समाविष्ट केले आहेत, हे न विसरता घालावे. त्याची एक प्रत शाळेत आणि एक ग्रामपंचायतीच्या दप्तरात ठेवावी. तक्ता २६ जानेवारीच्या ग्रामसभेपूर्वी तयार झाला, तर बसफेरीच्या मागणीचा ठराव त्याच सभेत, तोच कागद जोडून करता येईल.